चौथ्या मजल्यावरची हवा

यशवंतपूर, बंगळूर
रविवार, ता. १३ जुलै १९९७

प्रिय अहल्या,

मी, मालोजीराव रघुजीराव मोहिते, वय वर्षे साठ, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा हुद्दा नीलाद्री चेंबर्स या इमारतीच्या एसी प्लांटचा मुख्य चालक, हल्ली सेवानिवृत्त, राहणार यशवंतपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढीलप्रमाणे लिहून देतो.

बापाने मुलीला लिहिलेल्या पत्राची सुरुवात अशी नसते, हे मला कळते. परंतु तुझ्याविषयी मी एकदा याच पद्धतीने जबाब दिलेला आहे आणि तो कंपनीच्या फायलीत आजही आहे. म्हणून हेही त्याच पद्धतीने लिहितो. अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही, तरी वाचता येईल असा प्रयत्न करीन.

तुझ्या आईची प्रकृती बरी आहे. गुडघा धरतो, पण बाजारात जाणे तिने सोडलेले नाही. कांद्याच्या लॉऱ्या पूर्वी रेल्वेच्या फाटकापर्यंतच उभ्या राहत, त्या आता आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतात. समोरच्या खोलीची खिडकी मी दिवसभर उघडी ठेवतो. आई म्हणते धूळ येते. मी म्हणतो येऊ दे. निवृत्त झाल्यापासून मला बंद खोलीत बसवत नाही, आणि याचे कारण मी तिला कधी सांगितले नव्हते.

तुझ्या जन्माच्या आधीपासून मी कापडाच्या गिरणीत होतो हे तू जाणतेस. सूत तुटू नये म्हणून तेथे हवेत मोजून ओलावा सोडावा लागे. ते काम मी सतरा वर्षे केले. हवा कोरडी पडली की यंत्राच्या काट्याआधी माझ्या ओठांना कळत असे. गिरणी बंद झाल्यावर नीलाद्री चेंबर्समध्ये मला घेतले ते याच गुणावर. तेथील इतर चालक आयटीआय शिकलेले होते. त्यांना इंग्रजी येत होते, मला काटा वाचता येत होता. दोन वर्षांत मी त्यांचा मुख्य झालो. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते, आणि जे पुढे घडले ते या ताठ मानेपायीच घडले.

आठ मजल्यांची ती इमारत काचेने बंद केलेली. एकही खिडकी उघडत नाही. अशा ठिकाणी माणसांना यंत्र जेवढी हवा देईल तेवढीच मिळते. यंत्र खोलीतली हवा ओढते, गाळते, थंड करते आणि पुन्हा खोलीत सोडते. पण तीच ती हवा फिरवत राहिले तर ती थंड असूनही शिळी होते. साठ माणसांचे उच्छ्वास, झेरॉक्स मशीनचा दर्प, फरशीवरचे फिनाईल, नकाशे छापणाऱ्यांच्या खोलीतला अमोनिया, सारे तिच्यात साठत जाते. म्हणून प्रत्येक मजल्याच्या यंत्रखोलीत बाहेरच्या भिंतीला एक झडप असते. तिच्यातून शंभरात वीस भाग नवी हवा आत घ्यायची असा नियम. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी ही झडप दाखवीत असे आणि मगच मोठी यंत्रे दाखवीत असे. दर दुसऱ्या शनिवारी जाळ्या धुतल्या जात. थंड नळ्यांखालचे पाण्याचे ताट मी स्वतःच्या हाताने पुसत असे, कारण तेथे शेवाळ धरले की वास थेट माणसांच्या नाकात जातो. अण्णा यंत्रांना अभ्यंगस्नान घालतात, अशी माझा मदतनीस उमाजी माझी थट्टा करी. मला ती थट्टा आवडत असे.

तू त्याच इमारतीत टेलिफोन बोर्डावर लागलीस, तेव्हा मी वशिला लावला नव्हता. तू परीक्षा देऊन लागलीस. तुझी खोली चौथ्या मजल्यावर मधोमध होती, चारही बाजूंनी भिंती. सकाळी आपण दोघे एकाच बसने जात असू. तू पुढे बायकांच्या बाकावर, मी मागे. उतरल्यावर तू वर जायचीस आणि मी खाली तळघरात. जिन्याशी तू मागे वळून पाहत असस. मी कामावर असताना हसू नये अशी माझी शिस्त होती, म्हणून मी हसत नसे.

आता मूळ गोष्ट. १९९४ च्या नवरात्रात इमारतीच्या मागे नवा जनरेटर बसवला. वीज रोजच जाई, त्यामुळे तो रोजच चाले. त्याच्या धुराचा नळ नेमका चौथ्या मजल्याच्या झडपेखाली उभा केलेला. डिझेलचा वास आत शिरला, तक्रार आली, आणि मी वर जाऊन झडप बंद केली. ते बरोबरच होते. तेव्हाच्या तेव्हा मी भीमाचार्यांना, म्हणजे आपल्या प्रशासन अधिकाऱ्यांना, नळ गच्चीपर्यंत न्यावा असे लेखी कळवले. दहा दिवसांत नळ वर गेला. त्याच दिवशी झडप उघडायला हवी होती.

परंतु मध्ये आयुधपूजा झाली होती. तुला आमची पद्धत ठाऊक आहे. सर्व यंत्रे बंद करून पुसायची, हळदकुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि प्रत्येक मुठीला हळदीचा दोरा बांधायचा. ती झडप बंद असतानाच तिच्या मुठीला दोरा बांधला गेला. नळ वर गेल्यावर उमाजीने विचारले, उघडू का. मी म्हटले, पूजेचा दोरा आहे, तो आपसूक गळून पडेपर्यंत हात लावू नये. दिवाळी आली तेव्हा तो पुन्हा म्हणाला की, अण्णा, नवरीच्यासुद्धा मुंडावळ्या एवढे दिवस राहत नाहीत. सगळे हसले. मी हसलो नाही, आणि माझा तसा चेहरा पाहून त्याने तो विषय सोडला.

अहल्या, तो दोरा हे निमित्त होते. असे कितीतरी दोरे मी तेल घालताना दातांनी तोडलेले आहेत. खरी गोष्ट वेगळी होती. बाहेरची गरम हवा येईनाशी झाल्यामुळे चौथा मजला लवकर थंड होऊ लागला आणि विजेचा खप उतरला. कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, खाली दालनात समारंभ झाला, आणि कमी विजेत उत्तम गारवा दिल्याबद्दल मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर शाल घातली. चौथी शिकलेल्या माणसाने इंजिनियरांना धडा दिला, असे ते कन्नडमध्ये म्हणाले. तू पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवीत होतीस. खप का उतरला हे मला तेव्हाच ठाऊक होते. झडप उघडली असती तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा चढला असता आणि कोणीतरी विचारले असते. म्हणून दोरा राहिला. नोंदवहीत मात्र मी रोज माझ्या अक्षरात 'झडप उघडी' असे लिहीत राहिलो.

डिसेंबरात तुझे डोके दुखू लागले. जेवणानंतर डोळे चुरचुरतात, तीन वाजता झापड येते, असे तू आईला सांगितलेस. आईने सुंठ उगाळून लावली. तू म्हणालीस की रविवारी दुखत नाही, सोमवारी कमी, गुरुवारी सर्वांत जास्त, आणि हे फक्त तुझेच नाही. मी जेवत होतो, वर पाहिले नाही. संक्रांतीनंतर एकदा बसस्टॉपवर तू मला स्पष्टच म्हणालीस, "अप्पा, सकाळी नऊला बोर्डापुढे लावलेल्या उदबत्तीचा वास चार वाजता तसाच असतो. हवा बाहेर जातच नाही."

सतरा वर्षे गिरणीत आणि बारा वर्षे त्या इमारतीत हवा सांभाळलेल्या माणसाला जे यंत्र घेऊन मोजता आले असते, ते तू एका उदबत्तीवर मोजलेस. मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. मला राग आला. मी म्हटले की बोर्डावरच्या मुलीने बोर्ड पाहावा. तू कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे बरे, एवढेच म्हणालीस आणि रांगेत पुढे जाऊन उभी राहिलीस.

फेब्रुवारीत तू अर्ज दिलास. त्याखाली एकतीस सह्या होत्या, शेवटची फरशी पुसणाऱ्या गंगव्वाच्या अंगठ्याची, जिचा खोकला तेव्हा थांबत नव्हता. अर्जात तू माझे नाव घेतले नव्हतेस, कोणाला दोषही दिला नव्हतास. चौथ्या मजल्यावर नवी हवा येते की नाही हे तपासावे, एवढेच. पण उपाहारगृहात कोणी म्हणाले, मोहित्यांची मुलगी बापाच्याच यंत्राला नावे ठेवते, घरी जेवायला वाढतात की नाही. मी चहाचा पेला तसाच ठेवून उठलो. त्या संध्याकाळपासून मी तुझ्याबरोबर बसमध्ये आलो नाही.

एक मार्चला भीमाचार्यांनी चौकशी ठेवली. मेजाच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. मी नाव, वय, हुद्दा सांगितला. प्लांट व्यवस्थित आहे, झडप नियमाप्रमाणे उघडी आहे, नोंदवही पाहावी, असे सांगितले. त्यांनी वही पाहिली. माझ्या अक्षराचे कौतुकही केले. वर जाऊन झडप पाहावी असे कोणाला वाटले नाही, कारण माझा शब्द होता. त्यावर भीमाचार्य म्हणाले की अर्जदार आपलीच मुलगी आहे, आणखी काही सांगायचे आहे का. मला नाही म्हणता आले असते. मी म्हणालो, "लहानपणी शाळा चुकवण्यासाठीही ती डोकेदुखीचेच निमित्त करीत असे."

तू शाळा एकही दिवस चुकवली नाहीस. गोवर आलेला असताना तू दप्तर भरून दारात उभी होतीस आणि मीच तुला उचलून परत आणले होते. हे वाक्य बोलताना मला ते आठवत होते. तू माझ्याकडे पाहिलेस. त्या पाहण्यात राग असता तर मला उत्तर देता आले असते. तू विचारपूस केल्यासारखे पाहत होतीस, जणू मलाच काही दुखत आहे. मग तू अर्ज मागे घेतलास.

मी तेथून थेट चौथ्या मजल्याच्या यंत्रखोलीत गेलो. मुठीवर हात ठेवला. मागे उमाजी उभा होता. त्याच्यासमोर ती उघडणे म्हणजे माझा जबाब खोटा होता हे कबूल करणे. मी हात काढला आणि त्याला पंख्याचा पट्टा तपासायला सांगितले.

आता जे लिहितो ते कोणालाही ठाऊक नव्हते. मार्चअखेर तू नोकरी सोडलीस. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, इमारत रिकामी असताना, मी दोरा कापला आणि झडप एक बोटभर उघडली. पुढच्या रविवारी आणखी एक बोट. दर आठवड्याला एवढेच, म्हणजे काट्यावर फरक दिसू नये, खप एकदम चढू नये आणि कोणी विचारू नये. जूनपर्यंत ती पूर्ण उघडली. चौथ्या मजल्यावरची डोकेदुखी हळूहळू गेली. आणि लोक म्हणू लागले की पाहा, ती मुलगी गेली आणि तक्रारी थांबल्या, सगळे तिच्याच डोक्यातले होते. मी ते ऐकले. एकदा नव्हे, अनेकदा ऐकले. तू होतीस तेव्हा दुरुस्त केले असते तर तू खरी ठरली असतीस. तू गेल्यावर दुरुस्त केले, आणि त्या दुरुस्तीनेच तुला खोटी ठरवले. चौकशीतली लबाडी मी एका दिवसात केली होती. ही गोष्ट मी बारा रविवार, एकेक बोट मोजून केली.

गंगव्वाने काम सोडले होते. ती होसकोट्याकडे आपल्या भावाकडे राहते असे कळते. मी अजून तिच्याकडे गेलेलो नाही. जाईन.

घरातही तेच झाले. तुझ्या आईने माझा शब्द खरा मानला. चार लोकांत बापाची मान खाली घातलीस, असे ती तुला म्हणाली, तेव्हा मी ओसरीवर बूट पुसत होतो. मी आत आलो नाही. तुझ्या लग्नात ती पाहुण्यांसारखी बसली, आणि मी अक्षता टाकून बाहेर मांडवाचे खांब मोजत उभा राहिलो. त्यानंतर तू म्हैसूरहून एकदाच आलीस, तेही दोन तास. तू गेल्यावर आई म्हणाली की पोरीला अजून पश्चात्ताप नाही. तेव्हाही मी तिला खरे सांगितले नाही. तिच्या मनात तुझ्याविषयी जे काही साचले आहे ते तिचे नाही, माझे आहे. हे तू लक्षात ठेवावेस अशी माझी विनंती आहे.

गेल्या मंगळवारी संतोषकुमार येथे आले होते. जावई आले म्हणून आईने चिरोटे केले. ते फार सभ्य गृहस्थ आहेत, मी त्यांच्याशी पुरेसे बोललो नाही. त्यांनी सांगितले की म्हैसूरच्या एका कार्यालयात टेलिफोनच्या जागेसाठी तुझी निवड झाली होती, पण जुन्या कंपनीकडून मागवलेल्या पत्रात 'खोटी तक्रार करून कर्मचाऱ्यांत घबराट पसरवली, सदर कर्मचारी गेल्यावर तक्रारी बंद झाल्या' असे आले, आणि निवड अडली. महिनाअखेर खुलासा दिला नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. जुन्या कंपनीत कोणी ओळखीचे आहे का, एवढेच ते विचारत होते. मी कोण आहे हे त्यांना ठाऊक नाही, असे माझ्या ध्यानात आले. लग्न झाल्यापासून तू नवऱ्यालाही सांगितले नाहीस की तो जबाब तुझ्या बापाचा होता. तू माझी अब्रू झाकून ठेवलीस आणि स्वतः त्या शब्दांखाली राहिलीस.

म्हणून शुक्रवारी मी नीलाद्री चेंबर्समध्ये गेलो आणि वर लिहिलेली सर्व हकीकत, झडप, दोरा, नोंदवही, तुझ्या शाळेविषयीचे खोटे वाक्य आणि बारा रविवार, भीमाचार्यांना लेखी दिली. त्यांनी दोनदा वाचली. याने तुमचे नाव जाईल, मोहिते, असे ते म्हणाले. मी म्हटले की ते जावे म्हणूनच आलो आहे. चौकशी करणाऱ्यानेही वर जाऊन पाहायला हवे होते, हे मी म्हणालो नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर आपोआपच आले. स्वल्प वेळ बसा म्हणून त्यांनी मला थांबवले आणि आधीचे पत्र रद्द केल्याचे नवे पत्र टाइप करून घेतले. ते शिक्क्यासह सोबत जोडले आहे. हे माझे पत्रही तुला वाटल्यास त्या कार्यालयात दाखव, आणि संतोषकुमारांना तर जरूर दाखव. तुला ती जागा मिळावी यासाठी हे लिहिले आहे. तू मला क्षमा करावीस यासाठी लिहिलेले नाही, तो विषय तुझा आहे आणि त्यात मी बोलणार नाही. उत्तर पाठवलेच पाहिजे असे नाही. तुझे सर्व खरे होते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे मात्र माझ्या हयातीत माझ्याच अक्षरात तुझ्याजवळ असावे.

तुझाच,
अप्पा
(मालोजीराव रघुजीराव मोहिते)

वरील मजकूर आज सकाळी दहा वाजता राहत्या घरी समोरच्या खोलीत मी मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी हजर असलेले साक्षीदार:

१. उमाजी शिंगाडे, प्लांट मदतनीस. झडप बंद असल्याचे यांना सुरुवातीपासून माहीत होते. माझ्या हुकुमामुळे ते गप्प राहिले, त्यांच्याकडे दोष नाही. नोकरी अजून शिल्लक आहे म्हणून सही करू नका असे मी सांगितले असता, त्यांनी ऐकले नाही.

२. सौ. रत्नाबाई मालोजीराव मोहिते, लिहिणाराची पत्नी, अर्जदार मुलीची आई. यांनी सर्व मजकूर उभ्याने ऐकला. सही करून आत गेल्या, आणि म्हैसूरच्या दुपारच्या गाडीसाठी पिशवी भरीत आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देत आहे.